मराठी बायबलातलं ‘वतन’

प्रश्न असा आला आहे : ‘मराठी बायबलात देव अब्राहामाला कनान देश वतन म्हणून देतो. वतन म्हणजे तर मायदेश. मग देश देश म्हणून दिला, याला काय अर्थ? सरळ वारसा का म्हटलं नाही?’

घोटाळा हिंदी-उर्दूमुळे होतो आहे. शब्द अरबी, मूळ अर्थ राहण्याचं ठिकाण. उर्दूत त्याचा मायदेश झाला, सिनेमाच्या गाण्यांतून तोच आपल्या कानात बसला. मराठीत मात्र हा शब्द गावगाड्यात रुजला. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतनं. पिढ्यान्‌पिढ्या चालणारा हक्क, त्याच्या जोडीला जमीन नाहीतर मानपान, आणि त्या बदल्यात करायची चाकरी. जुन्या सनदांत ‘लेकराचे लेकरी’ चालवावे असं लिहिलेलं असे. आता बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचा १७वा अध्याय उघडा : तुला आणि तुझ्यानंतर तुझ्या संततीला, कायमचं. सनदेचीच भाषा आहे ही!

वारसा मिळायला आधीचा धनी जावा लागतो. इथे देणारा जाणारा नाही, म्हणून ‘वारसा’ मला तोकडा वाटतो. बायबलातल्याच ‘लेवीय’ या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात देव स्पष्ट बजावतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळचे उपरे. ती कायमची विकायची नाही. अडचणीत विकली तरी पन्नासाव्या, योबेलच्या वर्षी ती मूळ घराण्याकडे परत यायची. थोडक्यात, घराणं वहिवाटदार, धनी वरचा. पुढे वतनं रद्द झाली आणि त्यांच्या जमिनी कायद्याने वतनदारांनाच परत दिल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशा लागल्या, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. असा सातबारा ज्याच्या घरात आहे, त्याला लेवीयचा हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. आणि येशूच्या ‘जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील’ यातलं ‘भोगतील’सुद्धा त्याच घरातलं क्रियापद आहे.

हिब्रूत यासाठी मुख्यतः दोन शब्द येतात. ‘अहुज्जा’ म्हणजे ताब्यातली जमीन. उत्पत्ती १७मध्ये तो आहे. ‘नहला’ म्हणजे घराण्याच्या वाट्याला आलेला, पिढीजात हिस्सा. ‘नहला’चं मोल नाबोथाच्या गोष्टीत कळतं. अहाब राजा त्याच्याकडे द्राक्षमळा मागतो, त्याहून चांगला मळा किंवा रोख पैसे देऊ करतो. सौदा तोट्याचा नाही. तरी नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. त्यापायी खोट्या आरोपावरून त्याचा जीव जातो. तिथे ‘मालमत्ता’ किंवा ‘प्रॉपर्टी’ शब्द घातला तर नाबोथ नुसता हट्टी वाटेल.

सलाफहाद नावाच्या माणसाच्या पाच मुलीही हेच मागायला इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याच्यापुढे उभ्या राहिल्या : बापाला मुलगा नाही, म्हणून त्याचं नाव कुळातून का पुसावं? देवाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ‘गणना’ या पुस्तकातला हा २७वा अध्याय जरूर वाचा.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येत नाही. मराठीत ‘वतन’ म्हटलं की महार वतनही आठवतं. तुटपुंज्या मोबदल्यात अष्टौप्रहर राबवून घेणारं ते वतन मोडावं म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. अशी वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. ज्यांच्या घरात ही आठवण आहे त्यांना देवाने दिलेलं ‘वतन’ वाचताना बोचलं, तर ती चूक वाचकाची नव्हे. तरीही मी हा शब्द बदलणार नाही. पानाच्या तळाशी अर्थाची एक ओळ द्यावी, एवढंच.

शंका उरली असेल तर गणनाचा १८वा अध्याय पाहा. याजकपद सांभाळणाऱ्या अहरोनाला जमिनीत वाटा नाही. देव त्याला सांगतो, तुझा वाटा आणि तुझं वतन मीच आहे. तिथे ‘मायदेश’ घालून पाहा, वाक्य उभंच राहत नाही.