स्क्लेरोडर्मा आहे, टूडी इको नॉर्मल आला. मग कार्डियाक एमआरआय कशाला?

आईंना स्क्लेरोडर्मा (त्वचा आणि आतले अवयव कडक होत जाणारा आजार) आहे, ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) दोन्ही नॉर्मल, तरी डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला, हा खर्च उगाच आहे का, असं तुम्ही विचारलंय. मला तरी उगाच वाटत नाही.

इकोत हृदयाचं पंपिंग, झडपा, भोवतालचं पाणी दिसतं. स्क्लेरोडर्मात मात्र हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि स्नायूत ठिकठिकाणी व्रणासारखा तंतुमय भाग तयार होतो. तोवर रिपोर्टवर ‘ईएफ ६०%’ (म्हणजे पंपिंग नॉर्मल) झळकत असतं! एमआरआयमध्ये गॅडोलिनियम (शिरेतून दिलं जाणारं कॉन्ट्रास्ट औषध) दिल्यावर हे डाग आणि सूज दिसू शकते. आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) मात्र बघून घ्या, या आजारात किडनीवरही परिणाम होऊ शकतो.

सोबत एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण) आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा) या रक्ततपासण्या आणि २४ तासांचा होल्टर (ठोक्यांची सलग नोंद) होतोच. हातापायांच्या स्नायूंनाही सूज असेल तर ट्रोपोनिन ‘टी’ हृदय ठीक असूनही वाढतो. तिथे ‘आय’ जास्त भरवशाचा.

जिना चढताना दम लागतो का? मग फुप्फुसांच्या धमन्यांतला दाब वाढलाय का ते बघायला पीएफटीमधला (फुप्फुसांच्या तपासणीतला) डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसांतून रक्तात वायू किती जातो तो आकडा, विचारा. इकोवरून दाबाचा फक्त अंदाज येतो. पक्कं निदान हृदयाच्या उजव्या बाजूत बारीक नळी (कॅथेटर) घालूनच: सरासरी दाब २० मिमी पाऱ्याच्या (mmHg) वर.