पारंपरिक धनुष्य बनवणाऱ्या कारागिराकडे जाऊन स्वतःच्या मापाचं धनुष्य करून घ्यायचं असेल, तर काय ठरवून जावं?

मी जपानमध्ये राहते आणि इथली पारंपरिक धनुर्विद्या, क्यूदो, शिकते. त्यामुळे मला माहीत असलेल्या मियाकोनोजोबद्दलच सांगते. क्युशू बेटावर मियाझाकी प्रांतातलं हे शहर. जपानमधली बांबूची बहुतेक धनुष्यं इथेच तयार होतात आणि १९९४ साली सरकारने या कलेला पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली.

मापं लिहून नेलीत तरी चालेल, पण कारागीर आधी तुम्हाला धनुष्य ओढायलाच लावेल. कार्यशाळेत गवताचा घट्ट बांधलेला भारा ठेवलेला असतो, त्यावर अगदी जवळून बाण सोडायचा. माझ्या वेळी ते आजोबा बाणाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर माझ्या डाव्या मनगटावर आणि खांद्यावर होती. मग त्यांनी घशाच्या मधोमधपासून डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत अंतर मोजलं. साधारण ९० सेंटीमीटरपर्यंत ओढ असेल तर २२१ सेंटीमीटरचं धनुष्य, त्याहून जास्त असेल तर २२७चं. हो, आपल्या डोक्यापेक्षा कितीतरी उंच! मूठ मध्यावर नसून बरीच खाली असते.

तुम्ही सगळ्यात आधी ठरवून जायची गोष्ट म्हणजे धनुष्याची ताकद. ती किलोत मोजतात. इथे माझं मत ठाम आहे: जेमतेम ओढता येईल ते धनुष्य मागू नका. पूर्ण ओढून काही सेकंद शांत थांबता आलं पाहिजे, आणि तेसुद्धा सरावाच्या शेवटी, दंड भरून आल्यावर. आकडा तुमच्या स्वतःच्या ओढीवर मोजून घ्या, कारण जितकं जास्त ओढाल तितके किलो वाढतात. शक्य असेल तर तुमच्या शिक्षकांना सोबत न्या. त्यांची ओळख असली की दारही लवकर उघडतं.

काम बघायला मिळालं तर सोडू नका. बाहेरच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या लांब पट्ट्या असतात. त्या विस्तवावर शेकून त्यांतलं तेल काढतात. आत शेकून काळपट केलेल्या बांबूच्या कामट्या उभ्या लावतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना हाझे नावाच्या झाडाचं लाकूड. हे झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं, त्याचा चीकही तसाच अंगावर उततो. सगळं सरसाने जोडून दोरीने करकचून गुंडाळतात आणि दोरीखाली शंभराच्या आसपास बांबूच्या पाचरी ठोकतात. सरस सुकायच्या आत हे संपवायचं आणि त्याच दमात अंगाचा जोर लावून धनुष्याला उलटा बाकही द्यायचा. तेव्हा कारागीर एक शब्द बोलत नाही. आपणही बोलू नये.

तयार धनुष्य हातात आलं की दोरी चढवून दोरीच्या बाजूने सरळ रेषेत बघा. दोरी मधोमध दिसत नाही, किंचित उजवीकडे असते. नवख्याला हा दोष वाटतो, पण ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. डावीकडे गेलेली दिसली तर मात्र तिथेच दाखवा.

पैशांची घासाघीस करू नका, ते इथे शोभत नाही. वाट बघायची तयारी ठेवा. बांबू थंडीत तोडतात, कारण तेव्हा त्यात साखर कमी असते आणि कीड लागत नाही. मग तो वाळवावा लागतो, आणि धनुष्य जोडून झाल्यावरही मुरू द्यावं लागतं. हातात आल्यावरही ते पुरतं तयार नसतं. सुरुवातीला बरेच दिवस दोरी चढवूनच ठेवायचं, म्हणजे बाक बसतो. मग सावकाश, आधी अर्धवट ओढून, सवय करायची. रिकामी दोरी कधीही सोडू नका आणि दुसऱ्या कुणाला ओढायला देऊ नका. तुमच्या ओढीला ते सरावत असतं, लांब हाताच्या माणसाने एकदा जरी ओढलं तरी मोडू शकतं.

सरस कोणता हवा हेही कारागीर विचारतील. हरणाच्या कातड्यापासून केलेल्या सरसाचं धनुष्य ओढायला फार सुरेख असतं. बाण सुटताना हाताला धक्का जवळजवळ जाणवत नाही. पण ऊन आणि दमट हवा त्याला सोसत नाही, जपानी उन्हाळ्यातसुद्धा बरेच जण ते बाहेर काढत नाहीत. तुम्ही ते मुंबई-कोकणात नेणार असाल तर पावसाळ्यात सांधे सुटतील. त्यामुळे पहिलं धनुष्य कृत्रिम सरसाचंच घ्या. ते स्वस्तही पडतं. आणि मागणी नोंदवण्याआधी विमान कंपनीला सव्वादोन मीटर लांबीचं सामान चालेल का ते विचारून ठेवा, कारण हे धनुष्य दुमडत नाही आणि त्याचे भागही सुटे होत नाहीत.