दुपारी चारलाच पार्ट रिजेक्ट का होतात? आणि बाकीचे प्रश्न

साचलेले मेसेज एकदाचे काढून बसलो तर निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं एकच, फक्त एमआयडीसी वेगळी. पार्ट तपासायला स्मार्ट कॅमेरा घेतला, डेमोत झकास चालला, लाइनवर चालत नाही. म्हणून आता एकदाच उत्तरं देतो. ज्यांना एका ओळीत उत्तर मिळालंय त्यांनी रागावू नका, ते तेवढंच आहे.

प्रश्न : स्मार्ट कॅमेरा म्हणजे नक्की काय? आमच्या शेठना वाटतं वायफायवाला सीसीटीव्ही. (अंबड, नाशिक)

तो नाही. सेन्सर, प्रोसेसर आणि इनपुट-आउटपुट एकाच डबीत असतं, फोटो काढतो, तिथल्या तिथे ठरवतो आणि पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) ओके की एनजी, म्हणजे पास की नापास, ते सांगतो. बाजूला पीसी लागत नाही.

प्रश्न : एक व्हेंडर 5 मेगापिक्सल सांगतोय, दुसरा 12. जास्त असेल तोच चांगला ना? पार्ट 120 मिमीचा आहे, अर्ध्या मिमीचा खड्डा पकडायचाय. (भोसरी)

हा गैरसमज मोबाइलच्या जाहिरातींनी घातलाय. हिशोब सोपा आहे, स्वतः करा. खड्ड्यावर निदान चार पिक्सल पडायला हवेत, म्हणजे एक पिक्सल 0.125 मिमीचा. 120 ला त्याने भागा, 960 आले. म्हणजे 1280 बाय 1024 वाला, सव्वा मेगापिक्सलच्या आसपासचा कॅमेरा तुम्हाला पुरतो. बारा मेगापिक्सलला फोटो जड होतो, सायकल टाइम वाढतो, तेवढं बारीक दाखवणारी लेन्स महाग, आणि पिक्सल सहसा छोटे असल्यामुळे उजेडही जास्त लागतो. व्हेंडरने हा हिशोब कागदावर मांडून दिला नसेल तर तो कॅटलॉग विकतोय. पण पार्ट फिक्श्चरमध्ये (पार्ट धरून ठेवणाऱ्या बैठकीत) इकडेतिकडे सरकत असेल तर 120 चे 150 धरावे लागतील, तेव्हा खरेदीची ऑर्डर काढायच्या आधी कुणाकडून तरी प्रत्यक्ष पार्टवर टेस्ट करून घ्या.

प्रश्न : कन्व्हेयर मिनिटाला 30 मीटर चालतो, फोटो पुसट येतो. कॅमेरा बदलू का? (चाकण)

नको. 30 मीटर म्हणजे सेकंदाला 500 मिमी. एक्स्पोजर, म्हणजे सेन्सर उजेड घेतो तो वेळ, 1 मिलिसेकंद ठेवलंत तर तेवढ्यात पार्ट अर्धा मिमी पुढे गेला, मग पुसटच येणार. 200 मायक्रोसेकंदवर आणा, पुसटपणा 0.1 मिमीवर येईल. फोटो काळा पडेल, तेव्हा स्ट्रोब, म्हणजे फोटोच्या क्षणापुरता झगझगीत चमकणारा लाइट लावा. आणि सेन्सर ग्लोबल शटरचा, म्हणजे अख्खा फोटो एकाच क्षणी घेणारा, आहे ना ते बघा. ओळीओळीने फोटो घेणारं रोलिंग शटर असेल तर गोल भोक तिरकं दिसेल आणि तुम्ही फिक्श्चरवाल्याशी भांडत बसाल.

प्रश्न : सकाळी सगळं नीट चालतं, दुपारी साडेतीन-चारपासून चांगले पार्ट रिजेक्ट व्हायला लागतात, सेकंड शिफ्टला परत नीट. सर्व्हिस इंजिनियर दोनदा येऊन प्रोग्रॅम बदलून गेला. (वाळूज)

प्रोग्रॅम काय बदलतोय तो! त्या मशीनच्या पश्चिमेला खिडकी आहे का किंवा वर छताला पारदर्शक पत्रा आहे का, तेवढं बघा. असणारच.

या एका विषयावर मी तुम्हाला कंटाळा येईपर्यंत बोलणार आहे कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा दोष लाइटचाच निघतो, आणि कोटेशनमध्ये सगळ्यात आधी लाइटच कापला जातो. कॅमेऱ्याला पार्ट दिसत नाही हो, त्याला पार्टवरून परत आलेला उजेड दिसतो. तो बदलला की त्याच्या लेखी पार्टच बदलला. ऊन तर आहेच, पण साध्या चोकच्या ट्यूबलाइटसुद्धा 50 हर्ट्झच्या सप्लायवर सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात, तुम्हाला कळत नाही पण मिलिसेकंदाच्या एक्स्पोजरला एक फोटो उजळ आणि पुढचा मंद येतो. ऑपरेटर पांढरा शर्ट घालून बाजूला उभा राहिला तरी चकचकीत मशीन केलेल्या पार्टवर त्याची झाक पडते. एलईडी गरम होऊन महिन्यामहिन्याने मंद होतात, काचेवर कूलंटचा थर बसतो, आणि हे सगळं इतकं हळू होतं की कुणाच्या लक्षातच येत नाही.

एका कारखान्यातून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन, शंभर टक्के रिजेक्शन. जाऊन बघतो तर खंडेनवमीला सगळ्या मशीनची पूजा झालेली, आणि कॅमेऱ्यालाही मनापासून हळदकुंकू वाहिलेलं, बरोबर लेन्सच्या काचेवर. पूजा करा, पण ब्रॅकेटची करा!

तर तुमच्यासाठी : आधी कॅमेरा आणि पार्ट दोन्ही झाकणारं काळं हूड बनवा, पत्र्याचं चालेल, आतून चमक नको. लाल लाइट असेल तर लेन्सपुढे फक्त तोच लाल रंग सोडणारा फिल्टर लावा, बाहेरचा बराचसा उजेड तिथेच अडेल. एक्स्पोजर कमी, स्ट्रोब जास्त. आणि एका कोपऱ्यात राखाडी रंगाची पट्टी कायमची फ्रेममध्ये ठेवा, दर शिफ्टला तिचा ब्राइटनेस तपासा, म्हणजे लाइट मंद व्हायला लागला की रिजेक्शनच्या आधी कळेल. कडा मोजायच्या तर मागून बॅकलाइट, चकचकीत गोल पार्टला डोम (घुमटासारखा, सगळीकडून मऊ उजेड देणारा), ओरखड्याला बाजूने जवळजवळ आडवा येणारा डार्क फील्ड, हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते फोनवर ठरत नाही. तुमचे दहा चांगले, दहा खराब पार्ट घेऊन कुठल्यातरी व्हिजन लॅबमध्ये अर्धा दिवस बसा, व्हेंडरकडे चार-पाच प्रकारचे लाइट नसतील तर त्याच्याकडे बसू नका.

प्रश्न : लाइट खराब झालाय, नवीन महाग आहे. बाजारातली एलईडी पट्टी लावली तर? (त्याच कंपनीतून, वेगळ्या माणसाकडून)

वरचं उत्तर परत वाचा.

प्रश्न : एआयवाला कॅमेरा 99 टक्के अचूक आहे म्हणतात. घ्यावा का? (रांजणगाव)

दिवसाला 20,000 पार्ट असतील तर 99 टक्के म्हणजे रोज 200 चुकले. आता विचारा की कुठल्या बाजूने चुकले, चांगले फेकले की खराब गिऱ्हाइकाकडे गेले? हे दोन आकडे वेगळे मागा, व्हेंडरचं तोंड बघण्यासारखं होतं. बरेचदा ज्या फोटोंवर शिकवलं त्याच फोटोंवर परीक्षा घेतलेली असते, पेपर फोडून मिळवलेले मार्क ते. तुमचे 50 खराब पार्ट कुणालाही न दाखवता कपाटात ठेवा, डेमोच्या दिवशी चांगल्यांत मिसळून द्या. ओतकामाच्या पृष्ठभागासारखं, दर वेळी वेगळं दिसणारं काम असेल तिथे एआय खरंच कामाचं आहे, पण बोल्ट आहे की नाही एवढंच बघायला कॅमेऱ्यातलं साधं टूल पुरतं. त्याआधी तुमचे दोन इन्स्पेक्टर त्याच पार्टला तेच उत्तर देतात का ते बघा. त्यांचंच जमत नसेल तर कॅमेऱ्याला शिकवणार काय?

प्रश्न : बोअरचा व्यास 0.01 मिमीपर्यंत कॅमेऱ्याने मोजायचाय. (शिरोली, कोल्हापूर)

एअर गेज (हवेच्या दाबाने भोकाचं माप घेणारं) वापरा. वरून कॅमेऱ्याला चॅम्फरची (तोंडाशी तिरकी कापलेली) कड दिसते, आतला बोअर नाही. तरीही करायचंच असेल तर टेलिसेंट्रिक लेन्स (पार्ट जवळ-लांब झाला तरी माप तेच दाखवणारी) घेऊन आधी गेज आर अँड आर काढा, म्हणजे तेच माप परत परत घेताना किती फरक पडतो ते, 30 टक्क्यांच्या वर आलं की विषय संपला.

प्रश्न : औषधाच्या स्ट्रिपवरचा बॅच नंबर आणि कार्टनवरचा क्यूआर तपासायचाय. कोड वाचला गेला की पास धरावं का? (वेर्णा, गोवा)

नाही. 1 ऑगस्ट 2023 पासून देशातल्या औषधांच्या 300 ब्रँडना कोड सक्तीचा झाला तेव्हापासून हा प्रश्न फार येतो. तुमचा महागडा कॅमेरा वाचेल, पण मेडिकलवाल्याच्या फोनने वाचायला पाहिजे ना. आयएसओ 15415 प्रमाणे छपाईचा ग्रेड काढा. अ‍ॅल्युमिनियम फॉइल आरशासारखी चमकते, तिथे डोम लाइट. आणि सेटिंग बदलायच्या आधी क्यूए आणि व्हॅलिडेशनवाल्यांना विचारा, मला नंतर विचारू नका.

प्रश्न : बेदाणा निवडायला स्मार्ट कॅमेरा बसवता येईल का? यूट्यूबवर एकाने घरी केलंय. (तासगाव)

त्याने मूठभर बेदाण्यावर केलंय. तुम्हाला कलर सॉर्टर लागतो, त्यात लाइन स्कॅन कॅमेरा पडणाऱ्या मालाची एक-एक ओळ बघतो आणि हवेचा फवारा नेमका खराब दाणा उडवतो. आयतं मशीन मिळतं. तुमचाच पाच-दहा किलो माल नेऊन चालवून बघा, त्यांच्या नमुन्यावर भाळू नका.

प्रश्न : कॉग्नेक्स की कीयन्स?

दोन्ही कंपन्यांचे कॅमेरे चांगले. लाइन बंद पडल्यावर ज्याचा माणूस लवकर पोचतो तो घ्या.

प्रश्न : प्रेसमध्ये हात गेला की स्मार्ट कॅमेऱ्याने मशीन थांबवता येईल का?

नाही. अजिबात नाही. त्यासाठी सेफ्टी लाइट कर्टन असतो, म्हणजे हात मधे आला की मशीन थांबवणारा किरणांचा पडदा, आजच सेफ्टी इंजिनियरला बोलवा.

प्रश्न : असेंब्ली मशीन तयार आहे, सोमवारी डिस्पॅच. कॅमेरा बसवायचा राहिलाय, लेन्स आणि पार्टमध्ये 40 मिमीच जागा आहे. काय करता येईल? (पिरंगुट)

डिझाइन चालू होतं तेव्हा फोन केला असता तर जागा सोडायला सांगितली असती, फुकटात. आता ड्रॉइंग आणि दोन पार्ट पाठवा. आणि गिऱ्हाइकाला सोमवार सांगू नका.