आनंदीबाई जोशी यांचा माग काढताना

आपण डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या घराण्याचा शोध घेऊ इच्छिता, तर आरंभ नावापासून करावा. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना विवाहानंतर आनंदी झाली. माहेर आणि सासर दोन्हीकडे आडनाव जोशीच, त्यामुळे कागदावर ‘जोशी’ दिसताच हर्षून न जाता तो कोणत्या घरचा हे आधी ठरवावे. (माझी दोन वर्षे याच गोंधळात गेली.) इंग्रजी कागदपत्रांत आडनावाच्या शेवटी ‘आय’ऐवजी दोन ‘ई’ येतात; तेही शोधून पाहावे.

पती गोपाळराव टपाल खात्यात होते. अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता, श्रीरामपूर (बंगालमधील, नगर जिल्ह्यातील नव्हे) अशा त्यांच्या बदल्यांचा क्रम लावला, की आनंदीबाई कोणत्या वर्षी कोठे होत्या, हे बरेचसे उलगडते. १८८६ मध्ये त्या जेथून पदवीधर झाल्या, त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाचे दप्तर आज ड्रेक्सेल विद्यापीठात आहे.

त्यांना झालेला मुलगा अवघे दहा दिवस जगला, म्हणून थेट वंशज शोधण्यात वेळ घालवू नये. भावंडांच्या शाखा, कुलवृत्तांत (घराण्याच्या इतिहासाचे ग्रंथ) आणि त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या, यात्रेकरू घराण्यांच्या पिढ्या नोंदवलेल्या वह्या पाहाव्यात. वहीसाठी मूळ गाव आणि गोत्र ठाऊक असावे लागते.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, परंतु रक्षा अमेरिकेत पोकिप्सी (न्यूयॉर्क राज्य) येथे, त्यांना तेथे आश्रय देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. तेथील शिळेचे छायाचित्र अवश्य मिळवावे.