वाचक विचारतात: इलेक्ट्रिक बाइक रोजच्या कामाला चालेल का?

प्रश्न: नमस्कार दादा, रोज जाऊन येऊन ४४ किलोमीटर होतात, निम्मे ट्रॅफिकमधले आणि निम्मे मोकळ्या रस्त्याने ७०-८० च्या स्पीडने. ४ युनिटची बॅटरी असलेली एक इलेक्ट्रिक मोटरसायकल बघून ठेवलीय, कंपनी १५० किलोमीटर रेंज सांगते. मग तीन दिवसांनी एकदा चार्ज केली की झालं ना?

उत्तर: नाही होणार. गाडी तुम्हाला पुरेल, पण ते तीन दिवसांचं गणित डोक्यातून काढून टाका. १५० हा टेस्टमधला आकडा, तिथे स्पीड कमी आणि सगळं ठरवून दिल्यासारखं. तुमच्यासारख्या मिक्स रायडिंगला किलोमीटरला साधारण ४० वॅट-आवर धरा. ४ युनिट म्हणजे ४००० वॅट-आवर, भागाकार केला की १०० किलोमीटर. पण बॅटरी पार शून्यापर्यंत नेऊ नये, शेवटी शेवटी बऱ्याच गाड्या स्वतःच पॉवर कापतात आणि मग मागून हॉर्न वाजत असताना तुम्ही आपले रांगत रांगत कडेला, म्हणून ८० धरा. काही वर्षांनी बॅटरीची ताकद ८० टक्क्यांवर आली की त्याचे झाले ६४, आणि त्यात कडक थंडी किंवा समोरून वारा असेल तर अजून पाचवा हिस्सा गेला, राहिले ५१. तुमचे रोजचे ४४. म्हणजे बॅटरी म्हातारी झाल्यावर वाईटातल्या वाईट दिवशी पण घरी पोचाल, फक्त येताना मध्येच कोणाकडे चक्कर मारायची सोय नाही.

आता उलटी गंमत सांगतो. पेट्रोलची गाडी ट्रॅफिकमध्ये जास्त पिते, ही मोकळ्या रस्त्यावर जास्त खाते. सिग्नलला मोटर बंदच असते, वर स्पीड कमी करताना थोडी वीज परत बॅटरीत जाते (थोडीच हं, त्यावर गाडी चालत नाही). पण ४० चे ८० केलेत की हवेला ढकलायला दर किलोमीटरला चौपट एनर्जी लागते, आणि बाइकवर ताठ बसलेला माणूस म्हणजे हवेच्या दृष्टीने उभा दरवाजा. त्या निम्म्या रस्त्यावर ८० चे ६५ केलेत तर मिनिटं दोनचार जातील पण रेंज लगेच वाढलेली दिसेल.

आणि रोज रात्री लावा, फोनसारखी. ४४ किलोमीटरचे पावणेदोन युनिट जातात, ७५० वॅटचा साधा चार्जर ते अडीच तासात भरून देतो. म्हणून मी सगळ्यांना रेंजच्या आधी एकच विचारतो, गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे प्लग आहे का? असेल तर बाकीच्या शंका बऱ्याचशा आपोआप मिटतात.

प्रश्न: तिसऱ्या मजल्यावर राहतो, खाली पार्किंगमध्ये पॉइंट नाही. बॅटरी काढून वर नेता येणारी गाडी घेऊ का?

उत्तर: आधी त्या बॅटरीचं वजन विचारा, नुसतं विचारू नका, शोरूममध्ये हातात घेऊन बघा. २ युनिटची बॅटरी साधारण १२ ते १६ किलो भरते. पहिल्या आठवड्यात व्यायाम वाटतो, दुसऱ्या महिन्यात ओझं. ४ युनिटची तर २५ किलोच्या पुढेच, ती रोज जिन्याने चढवायची म्हणजे शिक्षा झाली. आणि वर नेलीत तर दाराजवळ किंवा जिन्याच्या वाटेत चार्जिंगला लावू नका, चार्जर कंपनीचाच वापरा. लिथियमची आग क्वचित लागते पण लागली की पटकन आटोक्यात येत नाही, आणि तेव्हा बाहेर पडायची वाट तिच्याच पलीकडे नसावी.

ऑफिसला पॉइंट मिळतो का बघा, आठ तास गाडी तिथे उभीच असते. बॅटरी बदलून देणारी स्टेशनं जवळ असतील तर प्रश्नच मिटला, तैवानमध्ये गोगोरो नावाच्या कंपनीने २०१५ पासून स्कूटरसाठी हेच जमवून दाखवलंय. यातलं काहीच नसेल तर सरळ सांगतो, अजून थांबा. दर दोन दिवसांनी चार्जिंग शोधत फिरायचं म्हणजे गाडी तुमच्यासाठी नाही, तुम्ही गाडीसाठी.

प्रश्न: पावसात शॉक लागेल का?

उत्तर: नाही. बॅटरीवर आयपी६७ लिहिलेलं बघा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून तपासण्याचं ते मानक. तरीपण तुंबलेल्या पाण्यात मुद्दाम घालू नका आणि धुताना प्रेशरचा फवारा कनेक्टरवर मारू नका.

प्रश्न: वीस वर्षं गिअरची बाइक चालवलीय, क्लच नसेल तर जमेल का? आणि सुट्टीत ३०० किलोमीटरची राइड पण असते.

उत्तर: जमेल, पण पहिला महिना जपून. काही गाड्यांत डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो, आणि वीस वर्षांची सवय असलेला हात दचकला की क्लच समजून तोच दाबतो. माझ्याकडून झालंय हे, मागचं चाक चर्रकन घसरलं, नशिबाने रस्ता कोरडा होता. दुसरं म्हणजे पिकअप शून्यापासून पूर्ण मिळतो, त्यामुळे ओल्या रस्त्यावर इको मोडच (पिकअप कमी देणारा) ठेवा. आणि आवाज नसल्याने पायी चालणारे न बघता समोर येतात, ते गृहीत धरूनच चालवा.

३०० किलोमीटरचं मात्र रडगाणं आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिट एनर्जी असते. हार्ले-डेव्हिडसनने २०१९ मध्ये आणलेल्या लाइव्हवायर या इलेक्ट्रिक बाइकची बॅटरी १५.५ युनिटची होती, म्हणजे एवढ्या मोठ्या बाइकमध्ये दोन लिटरही पेट्रोल नाही असं समजा. मोटर एनर्जी फार कमी वाया घालवते आणि इंजिन बरीचशी उष्णतेत घालवतं म्हणून ती तरी एवढी पळते. रोजच्या वापराच्या छोट्या गाड्यांना बऱ्याचदा फास्ट चार्जिंगच नसतं, आणि असलं तरी ८० टक्क्यांनंतर ते मंदावतं. तेव्हा जुनी गाडी चालू असेल तर विकू नका, सुट्टीला ती काढा. फक्त मधल्या काळात ती नुसती उभी राहून तिची बारा व्होल्टची बॅटरी उतरते, आठवड्यातून एकदा तरी फिरवून आणा.