कर्नाटकातल्या अथणीत शिवलेली चप्पल खरी कोल्हापुरी धरायची का?

हो, अगदी निःशंकपणे धरा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन (वस्तूचं नाव तिच्या मूळ भागाशी जोडणारी कायदेशीर नोंद) मिळालं, ते दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. त्यामुळे ‘ही कर्नाटकातली, म्हणजे नकली’ असं कुणी दुकानदार म्हणाला तर मनावर घेऊ नका. अथणी-निपाणी भागातल्या कारागिरांचा हात या कामावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे, आणि त्यांना त्याचं श्रेय मिळायलाच हवं. मात्र नुसतं गाव विचारून भागत नाही, चप्पल उलटीपालटी करून बघा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीने घातलेले टाके, खिळा कुठेच नाही. पट्टा रेक्झिनचा असेल तर ती मानांकनात बसत नाही, मग कोल्हापुरातून आणलेली का असेना.