महत्त्वाकांक्षा, हाव आणि हव्यास

प्रश्न : आमच्या शाळेतील एका सहकारी शिक्षिकेविषयी ‘त्या फार महत्त्वाकांक्षी आहेत’ असे मी कौतुकाने म्हणाले. ऐकणाऱ्यांनी तो टोमणा समजला आणि त्यांनाही वाईट वाटले. हा शब्द स्तुतीचा आहे की निंदेचा? आणि एखाद्याची आकांक्षा खरोखरच मर्यादा ओलांडत असेल, तर त्यासाठी मराठीत नेमके कोणते शब्द वापरावेत? (एक शिक्षिका, सोलापूर)

उत्तर : ‘महत्त्वाकांक्षा’ म्हणजे मोठेपणाची आकांक्षा. या शब्दात स्वतःहून दोष नाही आणि गुणही नाही. भोवतालचे शब्द त्याला रंग देतात. ‘तरुण आणि महत्त्वाकांक्षी उद्योजक’ हे कौतुक ठरते, ‘धूर्त आणि महत्त्वाकांक्षी सरदार’ ही निंदा ठरते. आपल्या वाक्यातील ‘फार’ या शब्दाने घोटाळा केला. मराठीत ‘फार हुशार’ हे जसे प्रशंसेने म्हणता येते तसेच तिरकसपणेही, आणि स्त्रीविषयी बोलताना ‘महत्त्वाकांक्षी’ हा शब्द ऐकणारे अधिक लवकर दोषार्थी घेतात. माझ्या मते ही आपल्या समाजाची वाईट सवय आहे आणि तिच्यासाठी शब्दाला जबाबदार धरू नये. तरीही कौतुकच करायचे असेल, तर ‘त्या जिद्दीच्या आहेत’, ‘त्यांना पुढे जाण्याची उमेद आहे’, ‘त्यांनी अमुक गोष्टीचा ध्यास घेतला आहे’ असे म्हणणे निःसंदिग्ध होईल.

आता मर्यादा ओलांडणाऱ्या आकांक्षेकडे वळू. ‘अतिमहत्त्वाकांक्षी’ हा शब्द वर्तमानपत्रांत रूढ आहे, पण तो केवळ प्रमाण सांगतो. दोष कोणता, हे सांगत नाही. बोलत्या मराठीने हे काम भूक आणि तहान यांच्या शब्दांवर सोपवले आहे. पदासाठी कोणी ‘आसुसलेला’ असतो, तेव्हा त्याच्याविषयी थोडी सहानुभूती उरलेली असते. ‘हपापलेला’ म्हटले की ती संपते आणि ‘वखवखलेला’ म्हटले की तिरस्कार सुरू होतो. कितीही मिळाले तरी ज्याचे समाधान होत नाही, त्याला ‘भस्म्या’ झाला आहे असे म्हणतात, कारण त्या रोगात खाल्लेले सगळे भस्म होऊन भूक तशीच राहते, अशी समजूत आहे. संस्कृतातून आलेल्या ‘सत्तापिपासू’ या शब्दातही तहानच आहे. मात्र ‘ज्ञानपिपासू’ हा गौरव आहे, म्हणजे तिथे दोष तहानेचा नसून ती कशाची आहे, याचा आहे. ‘लोलुप’ या शब्दाला अशी मोकळीक नाही. ‘सत्तालोलुप’, ‘पदलोलुप’ हे शब्द कोणत्याही वाक्यात निंदाच करतात.

या शब्दांबरोबर येणारी क्रियापदे लक्षपूर्वक पाहावीत. महत्त्वाकांक्षा माणूस ‘बाळगतो’, ध्यास तो ‘घेतो’. दोन्ही ठिकाणी तो कर्ता आहे. हाव मात्र त्याला ‘सुटते’. सुटते म्हणजे ती त्याच्या ताब्यात राहत नाही, आणि म्हणूनच ‘त्याला अध्यक्षपदाची हाव सुटली आहे’ हे वाक्य ‘त्याला अध्यक्ष व्हायचे आहे’ या वाक्याहून इतके कठोर लागते. ‘हव्यास’ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतो: त्यात माणसाचा हट्टी प्रयत्न आहे, पण विवेक सुटल्याची तक्रारही आहे. ‘लोभ’ जपून वापरावा लागतो, कारण पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे आपण लिहितो तेव्हा तो स्नेह असतो. दोष सांगायचा असेल, तर ‘सत्तेचा लोभ’ असा त्याचा विषय बरोबर असावा.

एकाच माणसाच्या वाट्याला दोन्ही बाजूंचे शब्द कसे येतात, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण रघुनाथराव पेशव्यांचे आहे. त्यांच्या नेतृत्वाखालील उत्तरेच्या मोहिमेत १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या आणि ‘अटकेपार झेंडा लावणे’ हा वाक्प्रचार भाषेला मिळाला. आजही परदेशात यश मिळवणाऱ्याचे कौतुक आपण त्याच शब्दांत करतो. पुढे पुतण्या नारायणरावाचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला, रघुनाथराव पेशवे झाले आणि हातची गेलेली ती गादी परत मिळवण्यासाठी त्यांनी १७७५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांशी सुरतेचा तह केला. या दुसऱ्या रघुनाथरावांसाठी मराठी माणूस ‘झेंडा’ हा शब्द वापरत नाही, ‘राज्यलोभ’ हा वापरतो. इच्छा दोन्ही वेळी मोठीच होती. बदलले ते तिचे साध्य आणि तिच्यासाठी मोजलेली किंमत. शब्द निवडताना आपणही याच दोन गोष्टी तपासाव्यात आणि जे प्रत्यक्ष दिसले नाही, ते शब्दाच्या जोरावर कोणाच्या माथी मारू नये.

पुष्कळदा दोष लोभाचा नसतोच, घाईचा असतो. त्यासाठी ‘गुडघ्याला बाशिंग बांधून बसणे’ हा अचूक वाक्प्रचार आहे. बाशिंग कपाळाला बांधायचे असते. उतावळा नवरा ते गुडघ्यालाच बांधतो. मंत्रिमंडळाचा विस्तार जवळ आला की बातम्यांत हा वाक्प्रचार हमखास भेटतो, आणि तो तिथे योग्यच आहे, कारण त्यात माणसाच्या पात्रतेविषयी काहीही म्हटलेले नाही. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण मात्र आकांक्षेच्या संदर्भात वापरू नये असे मला वाटते. ती मुख्यतः खर्चाविषयी आहे, आणि गरीब घरातल्या मुलाने मोठे शिक्षण घ्यायचे ठरवले असता त्याला ती ऐकवणे हा अन्याय आहे.

प्रश्न : ‘आकाशाला गवसणी घालणे’ हे कौतुकाने म्हणावे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आज म्हणावे. गवसणी म्हणजे वस्तूवर घालायचे आवरण, खोळ. तंबोऱ्याला गवसणी घालतात. आकाशाला खोळ घालता येत नाही, म्हणून अशक्य गोष्टीच्या मागे लागणे हा या वाक्प्रचाराचा मूळ अर्थ होता. अलीकडे मात्र सत्काराच्या भाषणांत आणि बातम्यांच्या मथळ्यांत तो भव्य यशासाठी वापरला जातो आणि वाचकांनाही तोच अर्थ कळतो. जुन्या लेखनात तो भेटला, तर आजचा अर्थ त्यावर लादू नये, एवढी काळजी पुरे.

प्रश्न : ‘महत्वाकांक्षा’ की ‘महत्त्वाकांक्षा’? (एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : ‘महत्त्वाकांक्षा’. ‘महत्’ या शब्दातला एक त आणि ‘त्व’ या प्रत्ययातला दुसरा, असे दोन त त्यात आहेत. ‘तत्त्व’, ‘सत्त्व’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ हे शब्दही याच कारणाने दोन त घेतात. ‘नेतृत्व’ आणि ‘प्रभुत्व’ यांच्या मूळ शब्दांच्या शेवटी त नाही, म्हणून तिथे एकच त लिहावा.